गच्चीची किल्ली

जुना अँड्रॉइड फोन, एक यूएसबी केबल आणि लॅमिंग्टन रोडवरची एक शनिवार दुपार. फोन 'रूट' करणं म्हणजे काय आणि ते कशासाठी करायचं, याचं उत्तर ग्रँट रोडला उतरून शोधलेलं बरं!

मॉलमध्ये वस्तू विकत मिळतात. तीच वस्तू उघडून बघायची असेल तर लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो.

ग्रँट रोडला उतरा, पूर्वेला बाहेर पडा आणि पाच-सात मिनिटं चालत राहा. कपडे, बॅगा, ज्यूस सेंटर मागे पडतील. मग पाट्यांवरचे शब्द बदलायला लागतील. रॅम, एसएमपीएस, कॅपॅसिटर, सोल्डरिंग गन, सीसीटीव्ही, 'ऑल टाइप रिमोट'. फुटपाथवर केबलींची भेंडोळी दिसायला लागली आणि हातात सर्किटची यादी घेऊन फिरणारी इंजिनीअरिंगची पोरं धडकायला लागली की समजा, पोचलात.

कागदोपत्री या रस्त्याचं नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पोलीस ठाण्याच्या नावात त्याचं 'डी. बी. मार्ग' होतं. आणि तुमच्या-आमच्या तोंडी अजूनही लॉर्ड लॅमिंग्टनच आहेत. हे साहेब १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. चार वर्षांत ते परत गेले, पण त्यांचं नाव काही रस्ता सोडायला तयार नाही.

तुमच्या बाबांना विचाराल तर ते सांगतील, हा सिनेमाचा रस्ता. मिनर्व्हा इथलंच. १९७५ साली 'शोले' लागला तो पाच वर्षं उतरलाच नाही. नाझ थिएटरच्या इमारतीत सिनेमाच्या वितरकांची ऑफिसं असायची. शुक्रवारी कोण तरलं आणि कोण बुडलं, हे तिथे आधी कळायचं. आणि सिनेमाच्या शेजारीच हा दुसरा धंदा वाढला. आधी रेडिओचे सुटे भाग, मग ट्रान्झिस्टर, मग टीव्ही, मग नव्वदच्या दशकात 'असेंबल्ड' पीसी. कितीतरी मध्यमवर्गी घरांतला पहिला कॉम्प्युटर टॅक्सीच्या डिकीत बसून इथूनच निघालाय. या रस्त्याचा फंडा पहिल्यापासून एकच: ज्याला स्क्रू आहे ते उघडतं, आणि जे उघडतं ते सुधारतं.

आता प्रॉब्लेम असा आहे की फोनला बाहेरून स्क्रू उरलेले नाहीत. आणि खरं झाकण तर आतमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये असतं. तेच उघडायला मी आले होते.

शिडीचा प्रश्न

माझं काम ऐकायला साधं होतं. कपाटात पडलेला पाच वर्षांचा फोन मला गावच्या घरी कायमचा 'नेटचा डबा' म्हणून बसवायचा होता.

गाव गुहागर तालुक्यात. कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून पुढे एसटी. घर चिऱ्याचं, भिंती जाड, आजूबाजूला टेकड्या. फायबर आमच्या वाडीपर्यंत पोचलेलं नाही. मोबाइलची रेंज घरात एकाच ठिकाणी येते: माळ्यावर, कौलांखाली, पूर्वेच्या झरोक्याशी. खाली ओटीवर फोन म्हणजे नुसतं घड्याळ. घरात आई एकटी असते. माझं ऑफिस महिन्यातले दहा दिवस 'कुठूनही' काम करू देतं. आता हे 'कुठूनही' म्हणजे जिथे नेट आहे तिथून, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणजे हिशेब सरळ होता. ओटीवर नेट आलं तर दहा दिवस आईजवळ. नाही तर गणपती, शिमगा आणि एखादा लाँग वीकएंड.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? हॉटस्पॉट तर प्रत्येक फोनमध्ये असतो. फोन माळ्यावर ठेव, लॅपटॉप खाली घेऊन बस.

बरोबर. लाइट जाईपर्यंत बरोबर! लाइट गेली आणि तासन् तास आली नाही, की फोनची बॅटरी संपते. लाइट आली की फोन चार्ज व्हायला लागतो, पण माझा फोन आपणहून सुरू होत नव्हता. कुणीतरी बटण दाबून तो चालू करायचा आणि मग हॉटस्पॉट पुन्हा ऑन करायचा. मी मुंबईत असले की हे 'कुणीतरी' म्हणजे आई. आणि आमच्या माळ्यावर जायला लाकडी शिडी आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने मुलीच्या व्हिडिओ कॉलसाठी शिडी चढायची, हे मला मंजूर नव्हतं. म्हणजे फोनने हे सगळं आपलं आपण करायला हवं. आणि नेमकी तीच परवानगी आपल्या फोनवर आपल्याला नसते.

किल्ली सेक्रेटरीकडे

समजा, फ्लॅट तुमचा आहे. कर्ज तुमचं, हप्ते तुमचे, दारावर पाटी तुमची. आत हवा तो रंग लावा, हवा तो सोफा ठेवा. पण गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरीकडे. पाण्याची टाकी वर, लिफ्टची मशीन वर, केबलच्या वायरी वर. तुमच्या घरातला नळ कधी सुरू होणार, हे वर ठरतं, आणि वर जायची तुम्हाला परवानगी नाही.

फोनचंही हेच. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स युनिक्सच्या घराण्यातलं, आणि या घराण्यात ज्या खात्याला सगळे अधिकार असतात त्याला 'रूट' म्हणतात. दुकानातून फोन घेताना तुम्हाला त्यातली एक खोली मिळते, हे खातं मिळत नाही. ते मिळवणं म्हणजे फोन रूट करणं. आयफोनवरच्या अशाच उद्योगाला जेलब्रेक म्हणतात.

सेक्रेटरी काही दुष्ट नसतो, हेही लक्षात घ्या. गच्ची उघडी टाकली तर गच्चीवरून चोर उतरू शकतो. एखाद्या भुरट्या ॲपला रूटचे अधिकार मिळाले तर तुमचे मेसेज, फोटो, पासवर्ड सगळं त्याला खुलं. म्हणून कुलूप आहे. प्रश्न इतकाच, की घर आपलं असताना गरजेच्या वेळी किल्ली आपल्याला मिळावी की नाही?

काउंटरवरच्या चौकशा

गल्लीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान. टेबलावर मायक्रोस्कोप, सोल्डरिंगचा वास, आणि काचेखाली मेलेल्या फोनचं प्रदर्शन. दादांनी माझा फोन हातात घेतला, मागून-पुढून बघितला आणि कामाला लागायच्या आधी माझीच उलटतपासणी घेतली.

"यात बँकेचं ॲप आहे का, मॅडम?"

"नाही."

"पेमेंटचं काही?"

"नाही. हा फोन फक्त नेट वाटणार."

"मग करतो. रोजचा फोन असता तर हात लावला नसता. पोरं रूट करून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ओरडत येतात, की दादा, पैसे जात नाहीत."

कारण हे, की बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप्स फोन रूट केलाय का ते तपासतात आणि केलेला दिसला की सरळ दार लावून घेतात. वॉचमनला कळलं, की तुमच्याकडे गच्चीची किल्ली आहे; आता तो तुम्हालाच संशयाने बघतो. दुसरी चौकशी वॉरंटीची. माझ्या फोनची कधीच संपली होती. काही सॅमसंग फोनमध्ये तर एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. कुलूप तोडून दुसरं सॉफ्टवेअर घातलं की तो कायमचा उडतो, आणि नंतर सगळं पूर्ववत केलं तरी सर्व्हिस सेंटरला ते दिसतं. तिसरी चौकशी बॅकअपची, कारण या कामात फोन आधी पूर्ण पुसला जातो.

मग सुरुवात झाली. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टकटक केली की डेव्हलपरचा मेनू उघडतो. त्यात कुलूप उघडायची परवानगी द्यायची, म्हणजे ओईएम अनलॉकिंग. मग फोन केबलने कॉम्प्युटरला. फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर. आत येणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या सहीचं आहे ना, हे तो बघतो. त्याला कॉम्प्युटरवरून सांगायचं, की बाबा, यापुढे सही बघू नकोस. तो ऐकतो, पण त्या क्षणी आतला सगळा डेटा उडवतो. हे मुद्दाम केलेलं आहे. चोरलेल्या फोनचं कुलूप कुणी असं उघडलं तर त्याच्या हाती तुमचे फोटो लागू नयेत म्हणून.

पुढचं काम मॅजिस्कचं. जॉन वू या तरुणाने २०१६ साली बनवलेलं हे सॉफ्टवेअर आज रूटसाठी सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव. ते सिस्टिमच्या फाइलींना धक्का न लावता फोन सुरू व्हायच्या वेळी मध्ये शिरतं. मॅजिक आणि मास्क मिळून मॅजिस्क. याच टप्प्यावर चुकीची फाइल गेली तर फोनची 'वीट' होऊ शकते. बाजारात हाच शब्द आहे, 'ब्रिक'. विठोबाला उभं राहायला वीट लागते. आपण आपल्या विटेकडे बघत नुसते उभे राहतो.

माझी वीट झाली नाही. कटिंग येईपर्यंत फोन परत सुरू झाला होता.

नोकियाला कुणी विचारलं नव्हतं

चहा पिताना काचेखाली एक ओळखीचा ढोल्या दिसला. नोकिया ६६००. २००३ सालचा, तेव्हाची सॉलिड टशन. याच फोनवरून लोक कॉम्प्युटरला इंटरनेट द्यायचे, आठवतंय? पीसी सूट लावायचं, ब्लूटूथ जोडायचं, *९९# डायल करायचं आणि जीपीआरएसच्या वेगाने एक ई-मेल उघडेपर्यंत दात घासून यायचे. पण जोडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. फोन मॉडेम व्हायचा, विषय संपला.

गंमत म्हणजे त्याच्यापेक्षा कैक पट हुशार फोन आले आणि हीच साधी गोष्ट अवघड झाली. २००९ साली भारतात एचटीसी मॅजिक आला. अँड्रॉइडची आपल्याकडची ही सुरुवात. तेव्हाच्या अँड्रॉइडमध्ये वायफाय हॉटस्पॉट नव्हताच. फोनचं नेट वायफायने लॅपटॉपला द्यायचं तर फोन रूट करून त्यासाठीचं वेगळं ॲप घालावं लागायचं. कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला फोन रूट केला तो याच एका कारणासाठी. मे २०१०मध्ये अँड्रॉइड २.२ जाहीर झालं आणि त्यात यूएसबी टेदरिंग आणि हॉटस्पॉट दोन्ही आले.

तरी भांडण मिटलं नाही, कारण ते तंत्राचं नव्हतंच, बिलाचं होतं. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांना कॉम्प्युटरला नेट देण्याचे वेगळे पैसे हवे होते. व्हेरायझनने गूगलला सांगून टेदरिंगची ॲप्स आपल्या ग्राहकांना दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली. प्रकरण तिथल्या दूरसंचार आयोगाकडे गेलं आणि जुलै २०१२मध्ये व्हेरायझनने १२.५ लाख डॉलर भरून ते मिटवलं. त्याआधी, जुलै २०१०मध्ये, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फोनचं जेलब्रेक करायला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली होती. किल्ली मागणं गुन्हा नाही, एवढं तरी तिथे मान्य झालं.

कंपनीला कसं कळतं, की फोनमागे कॉम्प्युटर लपलाय? हा भाग मला जाम आवडला. इंटरनेटवर निघालेल्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. अँड्रॉइड तो ६४पासून सुरू करतो, विंडोज सहसा १२८पासून. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्यातून एक वजा होतो. पाकीट थेट फोनमधून निघालं तर कंपनीच्या दारात ६४च पोचतं. लॅपटॉपचं पाकीट फोनच्या नाक्यावरून येतं, म्हणून ते १२७ किंवा ६३ होऊन पोचतं. एका आकड्याने चहाडी केली! रूट केलेल्या फोनवर हा आकडाही बदलता येतो, आणि त्याच कारणासाठी कंपन्यांना रूट आवडत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचे सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे मला ही लपवाछपवी करायची गरज नव्हती. २०१६मध्ये जिओ आल्यानंतर डेटाचे भाव असे कोसळले, की फोनमागचा कॉम्प्युटर मोजत बसायचं कारणच उरलं नाही.

माळ्यावरचा मुक्काम

दादांनी तीन गोष्टी करून दिल्या. पहिली: फोन सुरू झाला की हॉटस्पॉट आपणहून ऑन होणार. दुसरी: चार्जरमध्ये वीज आली की बंद पडलेला फोन स्वतःच सुरू होणार. "ही सगळ्या फोनला चालत नाही, तुमच्याला चालली," हे त्यांनी दोनदा बजावलं. तिसरी मला सुचलीही नसती. बॅटरी साठ टक्क्यांच्या वर भरायचीच नाही. चोवीस तास चार्जरला लावलेली बॅटरी शंभर टक्क्यांवर राहून राहून फुगते, आणि आमच्या माळ्यावर लाकडी तुळया आहेत. हल्लीच्या काही नव्या फोनमध्ये चार्जिंगची मर्यादा सेटिंग्जमध्येच मिळते. माझ्या जुन्यात ती रूटशिवाय नव्हती.

पुढच्या शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली, चिपळूणला उतरले आणि सकाळच्या एसटीने गुहागरच्या वाटेला लागले. दुपारी शिडी लावून फोन झरोक्याशी बसवला. वर कौलं तापतात, म्हणून त्याला भिंतीच्या गारव्याला, चिऱ्याच्या कोनाड्यात जागा दिली. वरच्या वायफायचं खाली काय होणार, ही धाकधूक होती. चिरा लहरी अडवतो. पण माळ्याची जमीन लाकडी फळ्यांची. फळ्यांमधून नेट बरोबर ओटीवर उतरलं. लॅपटॉपवर तीन काड्या. रेंज जिथे आहे तिथे फोन, आणि माणूस जिथे आहे तिथे कॉम्प्युटर. टेदरिंगचा खरा उपयोग मला त्या दिवशी समजला.

खरी परीक्षा रात्री झाली. दोनच्या सुमाराला लाइट गेली आणि सकाळी सातपर्यंत आली नाही. साठ टक्क्यांची बॅटरी हॉटस्पॉटवर तेवढं कुठली टिकायला? पहाटे कधीतरी फोन मेला. सात वाजता पंखा फिरायला लागला. मी ओटीवर लॅपटॉप उघडून बसले आणि शिडीकडे बघायचं नाही असं ठरवलं. पाच मिनिटं काहीच नाही. मग यादीत आमच्या वायफायचं नाव आलं आणि पाठोपाठ ऑफिसचे एकोणीस मेल धडाधड पडले.

आतून आईने विचारलं, "आलं का गं तुझं नेट? की चढू वर?"

"बस गं तू," मी म्हटलं, "तो आपला आपण आला."

कुलूप कधी ठेवावं

आता तुम्ही लगेच खिशातला फोन काढून बिल्ड नंबरवर सात टकटक करायला जाल, तर थांबा. त्या फोनमध्ये तुमचा पगार आहे, आधार आहे, ओटीपी आहेत. तिथे सेक्रेटरीचं कुलूप हीच तुमची सोय. नुसता फोनचा लूक बदलण्यासाठी किंवा मित्रांमध्ये भाव खाण्यासाठी किल्ली मागायचे दिवस गेले. जी कामं करायला २०१०च्या आसपास रूट लागायचं, त्यातली बरीचशी आज साध्या सेटिंग्जमध्ये आहेत. ज्यांनी तेव्हा पोराटोरांना वेड लावलं होतं ते सायनोजेनमॉडसुद्धा २०१६च्या शेवटी बंद झालं. त्याचा वारसा आता लिनिएजओएस चालवतं.

पण कपाटातल्या फोनचं काय? कंपनीने अपडेट बंद केले म्हणून तो म्हातारा ठरतो. त्याचा रेडिओ ठणठणीत असतो, वायफाय ठणठणीत असतं. असे फोन कचऱ्यात जातात, कारण त्यांना दुसरं काम नेमून द्यायची परवानगी आपल्याकडे नसते. काही कंपन्या कुलूप उघडण्यासाठी दिवसचे दिवस थांबायला लावतात, काही उघडूच देत नाहीत. हे मला खटकतं. हवा खायला गच्चीवर जायचं नसेल तर नका देऊ. पण टाकी गळतेय आणि घरात म्हातारं माणूस आहे, तेव्हा किल्ली मिळायला हवी. पैसे मोजून वस्तू घेतली, ती आपली झाली, या वाक्याला तेव्हाच अर्थ येतो.

लॅमिंग्टन रोडला हे शिकवावं लागत नाही. तिथे रेडिओच्या जमान्यापासून माणसं वस्तू उघडून बसलेली आहेत.

जाणार असाल तर

कसं जायचं: पश्चिम रेल्वेचं ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेकडची बाजू. शनिवार दुपार उत्तम. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

काय न्यायचं: रूट करायचा असेल तर दुसरा, जुना फोन. त्यात बँक, पेमेंट, ई-मेलचं मुख्य खातं काही नको. बॅकअप आधी घ्या. फोन पुसला जाणारच.

काय विचारायचं: "या मॉडेलचा बूटलोडर उघडतो का?" 'बघू, करून टाकू' असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

रूट न करता: नुसतं लॅपटॉपला नेट हवं असेल तर यूएसबी टेदरिंग बेस्ट. केबल जोडा, सेटिंग्जमध्ये ऑन करा. वायफायपेक्षा स्थिर चालतं आणि फोन चार्जही होत राहतो.

हॉटस्पॉट ठेवणार असाल: पासवर्ड मोठा ठेवा, फोन हवेशीर जागी ठेवा आणि बॅटरी फुगलेली दिसली की फोन ताबडतोब बंद करून बदला. गावच्या घरी तर नक्कीच.